मेपलची चिक्की उपासाला चालते का?

ओटावा,
रविवार

चि. इरास,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. मागे चाललेला मिक्सर वजा करून मला कळलं ते असं: आजी संकष्टीसाठी गुळाची चिक्की करणार होती. तू म्हणालीस, आपण आणलेल्या मेपल सिरपची करू. त्यावर आजी म्हणाली, "झाडाचा चीक तो. उपासाला चालतो का, ते तुझ्या बाबालाच विचार." आणि मग तुझा स्वतःचा प्रश्न, की उपासाला काय चालतं नि काय नाही हे ठरवतं तरी कोण?

आजीच्या शंकेचं आधी बघू, ते सोपं आहे. तो चीक नाही, रस आहे. आजीला सांग, नीरेसारखा. मुंबईत स्टेशनांवर नीरेचे स्टॉल असायचे, तिनं ती प्यायलेली आहे. शिंदीच्या झाडाला खाच पाडून मडकं बांधतात, तसं इथे मेपलच्या खोडाला भोक पाडून तोटी ठोकतात. फरक हवेचा. हा रस फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत, तेही रात्री पाणी गोठेल इतकी थंडी आणि दिवसा बर्फ वितळेल इतकी ऊब असली, तरच वाहतो. चवीला जवळजवळ पाणीच, शंभरात दोन भाग साखर. म्हणून साधारण चाळीस लिटर रस आटवला की लिटरभर सिरप हाती लागतं. युरोपातली माणसं यायच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी हा रस आटवत आले आहेत. त्यात दुसरं काही घालत नाहीत. थोडक्यात, उसाऐवजी झाडाची काकवी. धान्याचा कणसुद्धा नाही, तेव्हा त्या बाजूनं आजीनं निर्धास्त राहावं.

मात्र एक गोष्ट बघून घ्या. मुंबईतल्या मोठ्या दुकानांत 'मेपल फ्लेवर' किंवा 'पॅनकेक सिरप' लिहिलेली स्वस्त बाटली मिळते. ती पुष्कळदा मक्याच्या साखरेची असते, मेपलचा नुसता वास घातलेली. मका म्हणजे धान्य, आणि आजीच्या स्वयंपाकघरात उपासाला धान्य नाही. आईनं बॅगेतून आणलेली बाटली खरी आहे, तीच वापरा.

आता तुझा प्रश्न, जो जास्त अवघड आहे.

संकष्टीच्या दिवशी आजीच्या ताटात काय असतं ते आठव. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात दाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची. कधी रताळ्याचा कीस, कधी लाल भोपळ्याचं भरीत, राजगिऱ्याचा लाडू. मध्येच भूक लागली तर पपई, पेरू, नाहीतर डहाणूकडचे चिकू. मी आत्ता नावं घेतली त्यातली प्रत्येक वस्तू मुळात अमेरिका खंडांतली आहे. साबुदाणासुद्धा. तो कसाव्याच्या कंदापासून करतात, आपल्याकडचा मुख्यतः तामिळनाडूत सेलमच्या आसपास, आणि कसावा आहे दक्षिण अमेरिकेचा. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तेव्हा पंढरीला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या एकादशीला खिचडी नव्हती, शेंगदाणा नव्हता, मिरचीही नव्हती. वरई, दूध, ताक, केळी आणि इथलीच कंदमुळं यांवर त्यांचं भागत असणार.

मग हे सगळं आलं कसं? बरंचसं पोर्तुगीजांच्या जहाजांतून, काही नंतर दुसऱ्या वाटांनी. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि १५३४ पासून मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे होती. आजीबरोबर दादरहून सिद्धिविनायकाला चालत जाता ना, तेव्हा गोखले रोडवर पोर्तुगीज चर्च लागतं. आत्ताची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी आखलेली, नवीन आहे, पण मूळ चर्च १५९६ सालचं. संकष्टीला त्याच रस्त्यानं लोक उपाशीपोटी गणपतीच्या रांगेत जातात आणि घरी येऊन पोर्तुगीजांनी आणलेला बटाटा खातात. मला ही गंमत फार आवडते. आजीला सांगताना जरा जपून सांग.

पण म्हणून "अमेरिकेतलं ते सगळं चालतं" असा नियम करायला जाशील तर फसशील. मकाही तिकडचाच, टोमॅटोही तिकडचाच, आणि आपल्या घरात दोन्ही चालत नाहीत. बरं, वनस्पतिशास्त्र लावावं तर तेही जमत नाही. शेंगदाणा हा वाटाणा-हरभऱ्याचा भाऊबंद, शेंगेत येणारा. डाळी उपासाला वर्ज्य आणि दाणे मात्र मानाचे! माझा अंदाज असा आहे की मूळ नियम अगदी साधा होता. रोजचं धान्य आणि डाळ त्या दिवशी नाही. बाहेरून आलेला नवा पदार्थ या यादीत आधीपासून नव्हता, म्हणून कुणी हरकत घेतली नाही, आणि घेतली नाही म्हणून तो ताटात राहिला. मका रोटीसारखा दिसला, धान्यात गेला. दाणा तुपात परतला, खिचडीत गेला.

आणि हे ठरवलं कुणी? ज्या त्या घरातल्या बायकांनी. भटजींना विचारून कुणी साबुदाणा भिजवला असेल असं मला वाटत नाही. म्हणूनच घराघरांत फरक दिसतो. आपल्याकडे जिरं आणि कोथिंबीर चालते. तुझ्या आईच्या माहेरी कोथिंबीर चालत नाही, पण काकडी चालते. हळद दोन्हीकडे नाही. कुठे भेंडी चालते, कुठे साधं मीठ चालत नाही, सैंधवच लागतं. लग्न झाल्यावर तुझ्या आईनं पहिल्या एकादशीला आजीला एवढंच विचारलं होतं, "तुमच्याकडे काय चालतं?" वाद नाही, पुरावे नाहीत. ज्या घरात उपास, त्या घराची पद्धत. हे मला आजही बरोबर वाटतं. त्यामुळे मी इथून दहा दाखले दिले तरी निकाल आजीचाच. ती नको म्हणाली तर चिक्की दुसऱ्या दिवशी खायची, तोंड पाडायचं नाही.

हो म्हणाली, तर आता नीट वाच, कारण मेपलचा पाक गुळापेक्षा खोडकर असतो.

पावकिलो दाणे घ्या. तयार खारे नकोत, कच्चे आणून घरी लोखंडी कढईत मंद आचेवर भाजा. हे काम तुझं. घाई केलीस तर साल काळं होतं आणि आत दाणा कच्चाच राहतो. गार झाले की हातानं चोळून सालं काढ, आजीला सुपात पाखडायला दे, आणि दाण्यांच्या डाळ्या करून ठेव. अख्ख्या दाण्यांची चिक्की नीट लाटली जात नाही.

पावकिलो दाण्यांना मोठा कपभर सिरप, म्हणजे २४० मिलिलिटर. वजनात ते ३२० ग्रॅमच्या आसपास भरेल, पण त्यातला एक तृतीयांश भाग पाणी असतं. इथेच गुळाशी फरक पडतो. आजी चिक्कीचा गूळ आणते, त्यात पाणी फारसं नसतं, तो वितळला की थोड्याच वेळात पाक तयार. मेपलचं आधी सगळं पाणी उडायला हवं, त्याला पंधरा मिनिटं तरी जातात. आजीला वाटेल गॅस मोठा करावा. करू देऊ नकोस. सिरप उकळताना दुधासारखं भसकन वर येतं, म्हणून पातेलं जाड बुडाचं आणि उंच घ्या, अर्ध्याहून जास्त भरू नका. फेस चढला की चमचाभर तूप टाकायचं, लगेच बसतो.

आणखी एक. मेपलची साखर ही बहुतेक सगळी उसाच्या साखरेसारखीच असते, त्यामुळे पाक सारखा ढवळला किंवा कडेला सुकलेले कण आत पडले तर तो अचानक रवाळ होतो. मग चिक्की न होता भुसभुशीत वडी होते. सुरुवातीलाच लिंबाचे चार थेंब पिळा. लिंबू आपल्याकडे चालतं. मग उगाच ढवळत बसू नका, शेवटी शेवटी करपू नये म्हणून कालथा फिरवला तेवढा पुरे.

पाक झाला कधी म्हणायचा? गुळाच्या पाकाचा रंग बघून आजी सांगते, पण मेपल आधीच तपकिरी, रंग दगा देतो. त्यामुळे पाण्याची परीक्षा. वाटीत गार पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब टाकायचा. सिरप उकळायला लागतं १०४ अंशांना. ११२ ते ११५ अंशांना थेंबाची मऊ गोळी होते. इथे त्याच टप्प्यावर गरम पाक स्वच्छ बर्फावर ओततात आणि काडीला गुंडाळून खातात, तू खाल्लेला आहेस. आपल्याला तिथे थांबायचं नाही. पुढे गोळी कडक होते, पण दाताला चिकटते. तिथेही थांबायचं नाही. १५० अंशांच्या जवळ थेंब पाण्यात पडताच काचेसारखा होतो, बोटांनी वाकवला की कट्‌कन मोडतो. तोच आपला पाक. आजीकडे थर्मामीटर नाही आणि तिला तो लागणारही नाही. शेवटचा टप्पा मात्र अगदी मंद आचेवर, कारण यानंतर कडू व्हायला मिनिटही लागत नाही.

थेंब वाटीतून काढून मोडून बघणं तुझं. पातेल्याला हात लावणं आजीचं किंवा आईचं. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो. इथे मी गंमत करत नाहीये.

गॅस बंद करून दाणे आणि चिमूटभर सैंधव घाला. मिठाशिवाय मेपल नुसतं गोडमिट्ट लागतं. वेलदोडा नको, तो मेपलचा सगळा वास खाऊन टाकतो. आजी हट्टानं घालेल, तर निम्म्या भागातच घालू दे. इथल्या ब्रिटलमध्ये, म्हणजे इकडच्या चिक्कीत, शेवटी खायचा सोडा टाकतात, त्यानं पाक फुगतो आणि चिक्की जाळीदार, हलकी होते. मला ती आवडत नाही. चिक्की लोणावळ्याची, दात लावला की आवाज करणारी. तेव्हा सोडा नको.

ओट्याच्या दगडाला आणि लाटण्याला आधीच तूप लावून ठेवा. मिश्रण ओतलं की लगेच लाटायचं आणि गरम असतानाच सुरीनं रेघा मारायच्या. गार झाल्यावर कापायला गेलात तर हाती तुकडे येतील, वड्या नाही. पूर्ण गार होताच बटर पेपरमध्ये घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. फेब्रुवारीत मुंबईची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, म्हणून आत्ताच करून घ्या. पावसाळ्यात हीच चिक्की तासाभरात ओली व्हायला लागते, पाक कितीही कडक असो. आणि एकदम सगळी बाटली आटवू नका. पहिला घाणा वर सांगितला तेवढाच.

आजीच्या वाटणीची गुळाची चिक्की वेगळी करा, ती मेपलच्या नादात राहायला नको. संध्याकाळी चंद्रोदयाची वाट बघत बसाल तेव्हा आजीला माझ्याकडून एक विचार: तिच्या लहानपणी, तिच्या आजीच्या घरी एकादशीला काय काय करत असत? साबुदाणा होता का? नसला तर काय होतं? ती जे सांगेल ते तसंच्या तसं रेकॉर्ड करून पाठव, फक्त मिक्सर बंद असताना.

आईला सांग, रविवारी फोन करतो.

तुझा
बाबा

ता. क. उघडलेली बाटली फ्रीजमध्येच ठेवा. काकवीसारखी फडताळात ठेवलीत तर तिला बुरशी धरेल.