अमेरिकन बेसबॉलमध्ये बॅरी बाँड्सच्या नावावर सर्वाधिक होमरन असूनही तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळाच्या सन्मानदालनात, का नाही? मतदार स्टेरॉइडचा संशय नेमका कसा मोजतात?

मोजत नाहीत, हे खरं उत्तर. प्रवेशासाठी पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात आणि खेळाडूचं नाव फार तर दहा वर्षं मतपत्रिकेवर राहतं, हे नियम तुम्हाला ठाऊक असतीलच. पत्रकारांना मतदानासाठी ज्या सूचना मिळतात, त्यात कामगिरी आणि कौशल्याच्या जोडीला सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य असे शब्द आहेत. स्टेरॉइडचा उल्लेख नाही, पुरावा किती लागतो हेही नाही. मग ज्याला जे पटेल ते तो त्या तीन शब्दांत बसवतो.

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातला, बाँड्सच्या जायंट्स संघाचा चाहता. माझे साडू बोस्टनला असतात. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे उत्तर थोडं त्यांच्यासाठीही आहे.

धुरावरून निवाडा केला की काय होतं ते माइक पियाझाच्या बाबतीत बघा. कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून ३९६ होमरन, आजवरच्या कुठल्याही कॅचरपेक्षा जास्त. एकही चाचणी पॉझिटिव्ह नाही. बेसबॉलमधल्या स्टेरॉइडवरच्या डिसेंबर २००७च्या मिचेल अहवालात ८९ खेळाडूंची नावं आली, त्यात हा नाही. अँड्रो (स्नायू वाढवण्यासाठी घ्यायचं पूरक) घेतल्याचं त्याने स्वतःच सांगितलंय, पण ते तेव्हा दुकानात उघड मिळायचं आणि बेसबॉलमध्ये त्यावर बंदी आली २००४ साली. मग संशय कशावरून? एक, १९८८च्या ड्राफ्टमध्ये (संघ फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात त्यात) तो ६२व्या फेरीत, तोही ओळखीपाळखीने निवडला गेला होता, आणि असा मुलगा एवढा मोठा बॅटर होतोच कसा, हा प्रश्न. दोन, पाठीवरच्या पुटकुळ्या, स्टेरॉइडने येतात म्हणे! एका ज्येष्ठ पत्रकाराने त्या पुटकुळ्यांवर वारंवार लिहिलं. २०१३ मध्ये पियाझाला ५७.८ टक्के मतं पडली आणि आत जायला २०१६ उजाडलं. जेफ बॅगवेलचंही तसंच. ना चाचणी, ना अहवालात नाव, फक्त दंड भरदार होते. २०११ मध्ये ४१.७ टक्क्यांवर सुरुवात, प्रवेश २०१७ मध्ये. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आता उलट बाजू. चाचणी निगेटिव्ह म्हणजे माणूस स्वच्छ, असंही अजिबात नाही. प्रयोगशाळा जो रेणू शोधते तोच तिला सापडतो. खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बाल्को कंपनीचं ‘क्लिअर’, म्हणजे टीएचजी हे स्टेरॉइड, चाचणीत दिसू नये अशाच बेताने बनवलेलं होतं. २००३ मध्ये धावपटूंच्या एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज पाठवून दिली, तेव्हा कुठे लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेला ते ओळखता आलं. त्याच कंपनीचं ‘क्रीम’ त्याहून चलाख. लघवीच्या चाचणीत टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन यांचं गुणोत्तर बघतात. नुसतं टेस्टोस्टेरॉन लावलं तर ते गुणोत्तर वाढतं आणि खेळाडू सापडतो, म्हणून क्रीममध्ये दोन्ही घालायचे. ग्रोथ हॉर्मोनसाठी तर रक्तच घ्यावं लागतं, आणि हंगाम सुरू असताना ते घेणं २०१३ मध्ये सुरू झालं.

म्हणून माझं मत असं आहे की रेघ मारायची ती शिक्षेच्या नियमावर. २००४ पासून पकडलं गेल्यास कारवाई ठरलेली होती. त्यानंतर निलंबित झालेले पाल्मेरो, मॅनी रामिरेझ (दोनदा), अॅलेक्स रॉड्रिगेझ (२०१४चा अख्खा हंगाम) यांनी नियम माहीत असताना तो मोडला. त्यांना मत देऊ नका, माझी काही तक्रार नाही. पण बाँड्स आणि त्याच्यासारखाच संशयामुळे बाहेर राहिलेला पिचर रॉजर क्लेमेन्स लीगच्या चाचणीत सापडून एकदाही निलंबित झालेले नाहीत. बाँड्सवरचा एकमेव दोष न्यायात अडथळा आणल्याचा होता आणि तो २०१५ मध्ये अपिलात रद्द झाला. क्लेमेन्स २०१२ मध्ये सगळ्या आरोपांतून सुटला.

ज्या कमिशनरच्या, म्हणजे लीगच्या प्रमुखाच्या, कारकिर्दीत हे सगळं चाललं, त्या बड सीलिगला डिसेंबर २०१६ मध्ये वेगळ्या समितीने हॉलमध्ये घेतलं. लगेचच्या मतदानात बाँड्स ४४.३ वरून ५३.८ टक्क्यांवर गेला. मालकांचा माणूस आत आणि खेळाडू बाहेर, हे बऱ्याच पत्रकारांना पटलं नाही. मलाही पटत नाही.

आणि आता साडूंचा लाडका, बोस्टनचा डेव्हिड ऑर्टिझ. लीगची २००३ची स्टेरॉइड चाचणी निनावी राहील असं खेळाडूंना वचन होतं. निकाल सरकारी तपासात जप्त झाले, आणि २००९ मध्ये पॉझिटिव्ह निघालेल्यांच्या यादीतलं ऑर्टिझचं नाव फुटलं. पुढे कमिशनर मॅनफ्रेड म्हणाले, त्या यादीतले काही निकाल खरेच पॉझिटिव्ह होते का, यावर शास्त्रीय शंका होती. ठीक, मला मान्य. ऑर्टिझ आत गेला याचं वाईट वाटत नाही. पण २०२२ मध्ये एकाच मतपत्रिकेवर, त्याच ३९४ मतदारांनी ऑर्टिझला पहिल्याच वर्षी ३०७ मतं दिली आणि बाँड्सला दहाव्या, शेवटच्या वर्षी २६०. हवी होती २९६. ऑर्टिझच्या बाबतीत शंकेचा फायदा आणि पियाझाच्या बाबतीत पुटकुळ्या, हा कुठला न्याय? ऑर्टिझ हसतमुख होता, बाँड्स पत्रकारांशी तुसडा वागायचा. फरक तिथे पडला, असं मी ठामपणे म्हणतो.

टक्केवारी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. न पाठवलेली मतपत्रिका हिशेबात नसते, पण सही करून कोरी पाठवलेली धरली जाते. ७५ टक्क्यांच्या अटीमुळे एक कोरी मतपत्रिका भरून काढायला तीन होकार लागतात. २०२१ मध्ये अशा १४ कोऱ्या आल्या आणि कोणीच निवडून आलं नाही. शिवाय एका मतपत्रिकेवर दहाच नावं लिहिता येतात. गर्दीच्या वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, क्रेग बिजिओ फक्त दोन मतांनी हुकला. त्यामुळे प्रत्येक कमी टक्क्यामागे संशयच असतो असं धरू नका.

बाँड्सने काही घेतलंच नाही, असं मी म्हणत नाही. घेतलं असणार, असंच मलाही वाटतं. पण मग २००१चे ७३ होमरन विक्रमांच्या पुस्तकात ठेवायचे, तिकिटांचे पैसे ठेवायचे आणि फक्त माणूस वगळायचा, हे मला मंजूर नाही.

आता पत्रकारांच्या हातात काही उरलेलं नाही. मुदत संपलेल्यांचा निर्णय हॉलची १६ जणांची समिती करते आणि तिथे १२ मतं लागतात. डिसेंबर २०२२ मध्ये बाँड्सला चारही पडली नाहीत, डिसेंबर २०२५ मध्ये पाचपेक्षा कमी. नव्या नियमाने त्याचं नाव आता २०३१ च्या आधी समितीपुढे येऊ शकत नाही, आणि तेव्हाही पाच मतं मिळाली नाहीत तर विषय कायमचा बंद.