शहर दाखवणाऱ्या नव्या स्वयंसेवकास

पाहुण्यांना शहर दाखवण्याचे काम आपण प्रथमच हाती घेत आहात, म्हणून आधी गटाच्या आकाराविषयी लिहितो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिन ब्रूक्स यांनी सुरू केलेल्या ‘बिग ॲपल ग्रीटर’ या उपक्रमापासून जी पद्धत अनेक देशांत पसरली, तिच्यात एका गटात सहसा सहापेक्षा अधिक पाहुणे घेत नाहीत आणि बक्षिसीही स्वीकारत नाहीत. सहाची मर्यादा जेवणाच्या टेबलावर विशेष उपयोगी पडते, कारण तेवढ्या माणसांत एकच संभाषण टिकते. आठ-दहा जण झाले की त्याचे तुकडे पडतात.

भोजनालय ठरवण्यापूर्वी प्रत्येकाची पथ्ये, ॲलर्जी आणि खर्चाची तयारी लेखी विचारून घ्यावी. बिल कोण कसे भरणार, विशेषतः आपल्या स्वतःच्या जेवणाचे पैसे कोण देणार, हा संकोचाचा विषय निघण्यापूर्वीच मिटवावा.

स्थळे मात्र कमीच ठेवावीत. वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या पाहुण्याचा असावा, आणि वाटेत बसण्याची व स्वच्छतागृहाची सोय आपण आधीच पाहून ठेवावी. सनावळ्या पाठ करण्यात वेळ घालवू नये (त्या फलकांवर असतातच). आपण इथे रोज कसे राहता, हेच पाहुण्यांना ऐकायचे असते.