शब्दशंका : ऊर्जस्वल की उज्ज्वल?

प्रश्न : मानपत्राच्या मसुद्यात आम्ही 'उर्जस्वल व्यक्तिमत्त्व' असे लिहिले होते. मुद्रितशोधकाने ते खोडून 'उज्ज्वल' केले. बरोबर काय? 'उर्जस्वल' शब्द आहे ना?

उत्तर : शब्द आहे, फक्त त्याचा ऊ दीर्घ. तेवढा एक उकार सुधारला असता तरी पुरे होते. 'उज्ज्वल' केल्याने अर्थच बदलला. 'उज्ज्वल' म्हणजे झळाळणारे. तो उद् + ज्वल असा बनतो आणि द् चा ज् होतो, म्हणून त्यात दोन ज. 'उज्वल' लिहिणे चूक. 'ऊर्जस्वल' मात्र ऊर्जस् म्हणजे बळ, जोम, या शब्दाला 'वल' प्रत्यय लागून झाला आहे. 'कृषीवल'मधला प्रत्यय तोच. मधला स् मूळ शब्दातलाच असल्याने तो गाळून 'ऊर्जवल' करता येत नाही. पाणिनीच्या ५.२.११४ या सूत्रात ऊर्जस्वल आणि ऊर्जस्विन् शेजारी शेजारी आहेत, तेव्हा 'ऊर्जस्वी'ही चालेल.

या बळाची जात लक्षात घ्यावी. वेदांत 'ऊर्ज' म्हणजे अन्नातला पोषक रस. कार्तिकाचे जुने नावही ऊर्ज. म्हणजे हे आतून पोसलेले बळ. कालिदासाच्या 'रघुवंशा'त सिंह दिलीप राजाला आपला ऊर्जस्वल देह राखायला सांगतो. मराठीत हा शब्द देहाला क्वचितच लागतो. तो वाणी, शैली, व्यक्तिमत्त्व, परंपरा यांच्याबरोबर शोभतो. पैलवान दणकट, पीक जोमदार, कार्यकर्ता तडफदार. तिथे 'ऊर्जस्वल' अवजड होतो. भाषण नुसते चढ्या आवाजातले असेल तर त्यालाही तो लावू नये. विचारात कस हवा. 'ऊर्जस्वल पेय' तर नकोच, 'शक्तिवर्धक' म्हणावे. नाम हवे असेल तर 'ऊर्जस्वलता' असे ओढूनताणून करण्यापेक्षा सरळ 'ओज' लिहावे. तुमच्या मानपत्रात मात्र 'ऊर्जस्वल व्यक्तिमत्त्व' हेच ठेवा.

प्रश्न : 'ऊर्जितावस्था' माणसाला लागते का?

उत्तर : सहसा नाही. ऊर्जित + अवस्था, म्हणजे भरभराटीची स्थिती. संस्था, धंदा, कला ऊर्जितावस्थेला येते. माणसाची 'भरभराट झाली' किंवा त्याला 'बरे दिवस आले' म्हणावे. 'ऊर्जावस्था' हे रूप या अर्थाने चुकीचे. तिथे 'ऊर्जित' हे विशेषणच हवे.