वॉर्डमधून थेट अॅम्ब्युलन्सवर ड्युटी लागली आहे. जागेवर पेशंटचं असेसमेंट कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय, वॉर्डात सगळं नीट जमतं, पण गाडीतून उतरून भोवतीची गर्दी बघितली की काहीच सुचत नाही. माझंही तसंच व्हायचं. जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स केल्यावर चार वर्षं मेडिसिन वॉर्ड करून मी एका खाजगी हॉस्पिटलच्या अॅम्ब्युलन्सवर गेले आणि पेशंटजवळ पोचले की सवयीने आधी बीपीचा कफ काढायचे. वॉर्डात पेशंटबरोबर केसपेपर येतो, निदान येतं. रस्त्यावर यातलं काही नसतं, तिथे क्रमच आपला आधार.

ए-बी-सी-डी-ई तुम्हाला पाठ असणारच: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, मग कपडे बाजूला करून सगळं अंग. रक्त भळाभळा वाहत असेल तर आधी ते दाबून धरायचं. अवघड जातं ते नातेवाईक "सिस्टर, सलाइन लावा ना आधी" म्हणून ओरडत असताना क्रम न सोडणं. घशात उलटी अडकली असेल तर ती काढल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

श्वास मात्र स्वतः मोजा. वॉर्डाच्या चार्टवर सगळ्यांचेच २० लिहिलेले मी पाहिलेत. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि नजर छातीवर ठेवा. ३० सेकंद मोजून दुप्पट करा, लय अनियमित असेल तर पूर्ण मिनिट. प्रौढ माणसाचे मिनिटाला १२ ते २० ठीक. ऑक्सिमीटर ९७ दाखवतोय आणि श्वास ३२ आहेत, तर तो माणूस आजारी आहे, आकड्यावर विसंबू नका. बोटं गार असली तर तो आकडाही फसवतो.

"डी"ची, म्हणजे शुद्ध तपासण्याची, शिकवण मला महागात पडली. रात्री रस्त्याकडेला पन्नाशीचे एक गृहस्थ पडले होते, घामाने भिजलेले, बोलणं असंबद्ध. लोक म्हणाले, पिऊन पडलाय. मीही तेच धरून चालले. अर्ध्या वाटेत ग्लुकोमीटर लावला तर शुगर ३८, म्हणजे धोकादायक कमी! डॉक्टरांना फोन करून शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं आणि थोड्या वेळात त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. ती वाया गेलेली मिनिटं मला अजून टोचतात. शुद्धीत जरा जरी फरक दिसला तरी शुगर जागेवरच बघा, तोंडाला दारूचा वास येत असला तरी.

सरावासाठी कॅज्युअल्टीत काही दिवस ड्युटी मागून घ्या. दारातून पेशंट आत येताना दहा सेकंद नुसतं बघा: रंग, श्वास, घाम, चालणं. गंभीर की नाही हे मनाशी ठरवा आणि मग रीडिंगशी ताडून पाहा. गाडीत गंभीर पेशंट दर पाच मिनिटांनी पुन्हा "ए"पासून तपासा, वेळेसकट लिहा. पेशंट सोपवल्यावर दुसऱ्या दिवशी तिथल्या सिस्टरना विचारा, शेवटी काय निघालं. मी अजूनही विचारते.