शालेय समुपदेशन : पालकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ती दर आठवड्याला शाळेच्या समुपदेशकांना भेटते, परंतु तिथे काय बोलणे होते ते त्या मला सांगत नाहीत. आई म्हणून मला विचारण्याचा अधिकार नाही का? (ठाणे)

उत्तर : विचारण्याचा अधिकार अवश्य आहे, मात्र मुलीचे प्रत्येक वाक्य घरी पोहोचणार असेल, तर पुढच्या भेटीत ती काहीच बोलणार नाही, आणि मग त्या भेटींना अर्थ उरणार नाही. म्हणून चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत मुलाला आणि पालकांना गोपनीयतेची मर्यादा समजावून सांगतो. मूल स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारात असेल, त्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, तर ती गोष्ट जबाबदार प्रौढांपर्यंत पोहोचवावीच लागते. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर निवडीला वावच नाही : मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग ती व्यक्ती समुपदेशक असो, शिक्षक असो किंवा आई-वडील. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवणे हा गुन्हा ठरतो. ही मर्यादा तुम्हाला सांगितली गेली नसेल, तर ती चूक समुपदेशकांची आहे आणि ती तुम्ही जरूर दाखवून द्यावी. “ती काय बोलली?” असे विचारण्याऐवजी “घरात आम्ही काय बदलावे?” असे विचारून पाहा, याचे उत्तर देणे हे त्यांचे कामच आहे. मुलगी घरी आल्यावर मात्र तिची उलटतपासणी घेऊ नये.

प्रश्न : समुपदेशनाची नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते का? (सातारा)

उत्तर : नाही. दाखल्यावर प्रगती आणि वर्तणूक यांचे रकाने असतात, समुपदेशनाचा नसतो. समुपदेशकाची टिपणे स्वतंत्र आणि कुलूपबंद असावीत; ती शिक्षकखोलीत फिरत असतील, तर मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करावी.

प्रश्न : पाचवीतला मुलगा तोंडी उत्तरे बिनचूक देतो, पण लिहिताना अक्षरे गाळतो. शाळेने अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीची, तपासणी सुचवली आहे. त्याच्यावर कायमचा शिक्का बसेल, असे त्याच्या आजोबांना वाटते. (नाशिक)

उत्तर : आजोबांची भीती समजण्याजोगी आहे, परंतु शिक्का त्या मुलावर आत्ताही बसतोच आहे, ‘आळशी’ आणि ‘निष्काळजी’ असा. तपासणीने किमान खरे कारण तरी कळेल. आधी दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे. मग बुद्धिमापन व शैक्षणिक चाचणी होते. शैक्षणिक चाचणी मूल ज्या माध्यमात शिकते त्याच भाषेत व्हायला हवी. मराठी माध्यमातल्या मुलाची परीक्षा इंग्रजी उताऱ्यावर घेतली, तर निष्कर्षावर भरवसा ठेवता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अधिकृत केंद्राचे प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक अशा सवलती मिळतात. तरीही प्रमाणपत्रापेक्षा विशेष शिक्षकाकडून नियमित मिळणारे उपचारात्मक अध्यापन अधिक मोलाचे आहे, आणि ते पाचवीत सुरू झाले तर नववीपेक्षा निश्चितच बरे. पुष्कळ घरांत सवलतींची चौकशी आधी होते, शिकवणीची नंतर.

प्रश्न : आमच्या गावच्या शाळेत समुपदेशकच नाही. (बीड जिल्हा)

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायचा आहे, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय लेखी मांडावा आणि इतिवृत्तात त्याची नोंद होते आहे याची खात्री करावी. तोवर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. मूल संकटात असेल तर १०९८ या बाल मदतवाहिनीवर संपर्क साधावा.