खाडीकाठच्या उजाड कांदळवनात लावलेली रोपं दरवर्षी मरतात, गावाने काय करावं?

आधी रोपं लावणं थांबवा आणि भरतीचं पाणी त्या जागेत शिरून ओहोटीला पूर्ण बाहेर पडतं का ते बघा. बहुतेक वेळा दोष रोपांचा नसतो, पाण्याच्या वाटेचा असतो. तमिळनाडूतल्या पिचावरमला हेच झालं होतं. इंग्रजांच्या काळापासून पट्ट्यापट्ट्याने सरसकट तोड झाली, उघडी पडलेली जमीन उन्हाने खचून बशीसारखी खोलगट झाली. पाणी तिथेच साचायचं, आटायचं आणि मागे इतकं मीठ राहायचं की तिवर हे खारेपणा सोसणारं कांदळवनातलं झाडसुद्धा तगेना. १९९० च्या दशकात स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान, वन विभाग आणि गावकऱ्यांनी मिळून माशाच्या काट्यासारखे चर खणले: मधे एक मोठा, दोन्ही बाजूंना तिरपे छोटे. पाणी खेळतं झालं, चरांच्या कडेला तिवर लावली आणि ती जगली.

तुम्ही ओहोटीनंतर जाऊन बघा. डबकी तशीच उरली असतील, सुकलेल्या चिखलावर मिठाचा पांढरा थर धरला असेल, तर कारण तेच. जवळपास रस्त्याचा भराव, जुना बांध किंवा बुजलेली मोरी आहे का तेही शोधा. वाट मोकळी झाली आणि शेजारी जिवंत झाडं असली तर बी भरतीबरोबर आपसूक येतं, लागवडीची गरजही पडत नाही.

मात्र चर गाळाने भरतात, त्यामुळे ते उपसत राहायची जबाबदारी गावाने घेतली तरच खणा, आणि महाराष्ट्रात असाल तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय फावडं लावू नका.