घटस्फोट झाला, दागिने मात्र सासूबाईंच्या लॉकरमध्ये

प्रश्न : माझं लग्न २०१६ साली झालं, संसार पुण्यात. क्रूरतेच्या कारणावरून मी केलेल्या अर्जावर दीड वर्षापूर्वी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने घटस्फोट दिला. आता मी कोल्हापूरला माहेरी असते. माझं सुमारे २७ तोळे सोनं सासरी राहिलं आहे. पाटल्या, कोल्हापुरी साज, ठुशी आणि कानातली माहेरची, तोडे सासरचे, आणि एक बोरमाळ सासूबाईंनी लग्नात गळ्यात घातलेली. लग्नानंतर आठच दिवसांत ‘सांभाळून ठेवते’ म्हणून त्यांनी सगळं घेतलं. लॉकर त्यांच्या आणि नवऱ्याच्या नावावर आहे. फ्लॅट घेताना नवऱ्याने दोन पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या, त्या सुटल्या की नाही ठाऊक नाही. घटस्फोटाच्या अर्जात मी दागिने मागितले नव्हते. मागच्या महिन्यात फोन केला तर ‘सगळं संपलं, आता कसले दागिने’ असं उत्तर मिळालं. वर अंगावरचं मंगळसूत्र परत मागतात. सगळ्या पावत्या नाहीत. बाबा स्वतःच्या नावाने पोलिसांत तक्रार द्यायला निघालेत. काय करू?

उत्तर : ताई, आधी मंगळसूत्राचं. ते परत करू नका. लग्नात तुम्हाला घातलेलं मंगळसूत्र तुमचं स्त्रीधन आहे, घटस्फोटाने त्याची मालकी बदलत नाही. आणि बाबांना आज थांबवा. हयात, सज्ञान मुलीचं स्त्रीधन मागण्याचा हक्क तिचा एकटीचा, तिने अधिकार दिल्याशिवाय वडिलांना तो नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. त्या प्रकरणातला वडिलांनी दाखल केलेला गुन्हाच रद्द झाला. बाबांची खरी गरज साक्षीदार म्हणून लागणार आहे, त्यांचा उत्साह तिथे वापरू.

‘सगळं संपलं’ हे कायद्याने चूक आहे. १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यापासून एक गोष्ट पक्की आहे : सासरच्यांच्या हाती दिलेलं स्त्रीधन ही ठेव असते. त्यांनी ते सांभाळायचं आणि मागितलं की द्यायचं. घटस्फोटाच्या अर्जातच मागणी केली असती तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली त्याच हुकूमनाम्यात काही सोय मागता आली असती. ती वेळ गेली, पण वाट बंद झाली नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ खाली पती-पत्नीच्या मालमत्तेचे दावे याच न्यायालयात चालतात, आणि घटस्फोट झालेलं जोडपंही त्यात येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केलं. ‘तेव्हा का मागितलं नाही’ हा मुद्दा समोरचे वकील काढतील. घटस्फोटाचं कारण वेगळं आणि दागिने अडवल्याचं कारण वेगळं, हे आपलं उत्तर.

दावा पुण्यात करावा लागेल. घटस्फोटाचा अर्ज बायकोला आपल्या राहत्या गावी करता येतो, ती सवलत मालमत्तेच्या दाव्याला नाही. नवरा, लॉकर, पतसंस्था सगळं तिकडेच आहे. मुख्य प्रतिवादी नवरा, पण सासूबाईंनाही पक्षकार करा. ‘हे न्यायालय फक्त पती-पत्नीचं’ अशी हरकत त्यांच्याकडून येईल, तयारी ठेवा.

मुदतीबाबत मात्र जोखीम घेऊ नका. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूला मुदतीचा कायदा आड येत नाही असा युक्तिवाद आहे, आणि घटस्फोटाबरोबर ते विश्वासाचं नातं संपून तीन वर्षं मोजायला लागतात असाही आहे. निकाल दोन्हीकडचे सापडतात. दीड वर्ष गेलं आहे, म्हणजे हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीन वर्षं धरली तरी दीड वर्ष हातात आहे. तुम्ही ते दोन महिनेच आहेत असं समजा.

आता यादी. सगळा दावा तिच्यावर उभा राहतो, आणि पत्रात ती तुम्ही चार ओळींत उरकली आहे. प्रत्येक डाग, म्हणजे दागिना, वेगळा लिहा : काय, वजन किती, कुणी दिला, कुठल्या प्रसंगी, शेवटचा कुणाच्या हातात पाहिला. वजन ग्रॅममध्ये लिहा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या पेढीवर मात्र तोळा म्हणजे १० ग्रॅम. आई एका तोळ्याने मोजत असेल आणि सोनार दुसऱ्या, तर २७ तोळ्यांत साडेचार तोळ्यांचा घोळ निघतो, आणि उलटतपासणीत नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं.

पावत्यांची भीती बाळगू नका. आपल्याकडे मुलीचे दागिने बहुतेकदा आईचं जुनं सोनं मोडून घडवले जातात, मग पावतीवर दिसते फक्त मजुरी आणि वर घातलेलं दोन-चार ग्रॅम. ज्या सोनाराने घडवले त्याची वही, तो स्वतः, लग्नाचा अल्बम आणि व्हिडिओ, रुखवताच्या वेळी दागिने मांडणाऱ्या मावशी हे सगळे पुरावेच आहेत. सासूबाईंचा ‘ठुशी लॉकरमध्ये आहे’ अशा अर्थाचा एखादा व्हॉट्सअॅप निरोप सापडला तर तो मजुरीच्या दहा पावत्यांना भारी. फोन बदलू नका, निरोप पुसू नका. त्याच्या छापील प्रतीबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. कौटुंबिक न्यायालय पुराव्याच्या बाबतीत एरवीच्या दिवाणी न्यायालयापेक्षा सैल असतं, कलम १४ त्याला तशी मोकळीक देतं.

एप्रिल २०२४ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुमच्या वकिलांना आवर्जून द्या. केरळमधलं जोडपं, लग्न २००३ चं, ८९ पवन सोनं (तिकडचा एक पवन आठ ग्रॅमचा). ते ‘सुरक्षित राहील’ म्हणून नवऱ्याने पहिल्याच रात्री काढून आपल्या आईकडे दिलं, अशी बायकोची तक्रार. उच्च न्यायालयाने पुराव्याअभावी तिला परत पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा फौजदारी खटला नाही, कुणाची बाजू अधिक संभवनीय वाटते एवढंच पाहायचं. आणि नवऱ्याने अडचणीत बायकोचं स्त्रीधन वापरलं तरी ते परत करण्याचं बंधन त्याच्यावर राहतं. तुमच्या गहाण पाटल्यांचं उत्तर यातच आहे. पतसंस्थेच्या कागदावर तुमची सही असली तरी घाबरू नका. सही गहाणाला होती, बक्षीस द्यायला नव्हती. त्या कर्जाचा खातेउतारा न्यायालयामार्फत मागवा.

सासरकडून आलेल्या दागिन्यांवर खरी लढाई होईल. तोडे तुम्हाला दिलेले, म्हणजे तुमचे, कुणी घडवले हा प्रश्न नाही. बोरमाळीचं तसं नाही. सासूबाई म्हणतील, घराण्याची आहे, लग्नापुरती घातली, हौस म्हणून. मंगळागौरीला तुम्हीच घातली होती का? बारशाला? मधल्या काळात ती त्यांच्या अंगावर होती की तुमच्या? देताना चारचौघांत काय बोलल्या? ‘आता ही तुझी’ हे ऐकलेली एक नणंद किंवा शेजारीण मिळाली तर मागा. नसेल तर माझं प्रामाणिक मत, बोरमाळ यादीतून वगळा. एक कच्चा डाग पंचवीस पक्क्या तोळ्यांवरचा विश्वास घालवतो.

मागणी कशी करायची यात अनेक जण फसतात. २०१६ च्या भावाने पैसे मागू नका. दागिने जसेच्या तसे मागा, आणि ते देता आले नाहीत तर प्रत्यक्ष वसुलीच्या दिवशीच्या बाजारभावाने किंमत. वस्तू परत करण्याचा हुकूमनामा करताना पर्यायी रक्कम लिहावी असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम १० मध्येच आहे. केरळच्या त्या बाईंना २०११ मध्ये ८,९०,००० रुपये मंजूर झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये २५ लाख दिले, तरी ७१२ ग्रॅमचा त्या दिवसाचा भाव त्याहून बराच वर होता. किंमत पूर्ण लिहायला संकोच नको. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्रीला न्यायालय शुल्क माफ आहे, शासनाची १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्री असणं एवढं पुरतं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

नोटिशीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. कुणीही वकील आधी नोटीस पाठवायला सांगेल. पण नोटिशीची पोच येईपर्यंत लॉकर रिकामं होऊ शकतं. खासगी व्यक्तीविरुद्ध दाव्याआधी नोटीस सक्तीची नाही, आणि तुमचा फोन व त्यावरचा नकार आधीच झालेला आहे. म्हणून दाव्याबरोबरच तूर्तातूर्त मनाई हुकमाचा अर्ज द्या, लॉकर उघडू नये म्हणून, आणि कोर्ट कमिशनर नेमून आतल्या वस्तूंची यादी करावी म्हणून. त्याच दिवशी बँकेकडून लॉकर उघडल्याच्या नोंदी मागवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार लॉकरच्या ये-जा भागातलं सीसीटीव्ही चित्रण निदान १८० दिवस जपायचं असतं. त्यानंतर ते मिळेलच असं नाही.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचाही पर्याय आहे. तो अर्ज तुम्हाला कोल्हापुरातच देता येईल, आणि कलम १९(८) खाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करायला सांगू शकतात. स्त्रीधन अडवून ठेवणं हा चालूच राहणारा अपराध, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं आहे. पण त्या प्रकरणात न्यायिक विभक्तता होती, घटस्फोट नव्हता, आणि हा फरक विरुद्ध वकील सोडणार नाहीत. विश्वासघाताची फौजदारी तक्रार, म्हणजे भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ४०६, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, तुमच्या नावाने देता येईल. अशा तक्रारीने दबाव येतो, सोनं मात्र हमखास येत नाही. माझा कल पुण्याच्या दाव्याकडे.

दावा दाखल झाला की प्रकरण समुपदेशकांकडे जाईल. तिथे ‘अर्धं देतो, मिटवा’ असा प्रस्ताव येण्याची शक्यता मोठी. घ्यायचं की नाही तुम्ही ठरवा, त्यात कमीपणा नाही. मात्र ‘सर्व स्त्रीधन मिळाले’ अशी पुरसीस, म्हणजे न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन, पुढे करतील, तेव्हा डाग आधी सोनाराकडे नेऊन वजन आणि कस पाहा, आणि पुरसीशीत प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये लिहून घेतल्यावरच सही करा.